लाइटबिलातली माणसं

वीज कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न ठाणेकराला कधी पडलेला नाही. घर घेतलं की मीटर लागलेला असतोच, बिलावरचं नाव तेवढं बदलून घ्यायचं. २००५ च्या जूनपर्यंत बिल वीज मंडळाचं यायचं. मग मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या आणि बिलावर महावितरणचं नाव आलं. त्यात आपण निवडण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या आजूबाजूला मात्र वेगळं चित्र आहे. मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी हे घरमालक ठरवू शकतो. मुलुंड आणि भांडुप मुंबई महापालिकेत, पण त्यांची वीज आमच्यासारखी महावितरणची. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण तिथलं बिल खासगी कंपनीचं. खाडी ओलांडून कळव्याला गेलं की कळवा, मुंब्रा, शीळ या पट्ट्यात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने, काम बघते. भिवंडीत ती २००७ पासून आहे. ठाणे शहरातल्या दोन माणसांना दोन वेगवेगळ्या नावांची बिलं येतात, आणि त्यातल्या कुणीही ते नाव स्वतः निवडलेलं नाही.

आता ही निवड आमच्याही दाराशी येऊ पाहते आहे. २०२२ साली अदानी समूहातल्या कंपनीने महावितरणच्या भांडुप परिमंडलातल्या भागासाठी समांतर परवाना मागितला, म्हणजे त्याच भागात महावितरणच्या बरोबरीने वीज विकण्याची परवानगी. मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण, सगळा भरघोस बिलं भरणारा पट्टा. त्याविरुद्ध राज्यभरातल्या वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ पासून तीन दिवसांचा संप पुकारला आणि सरकारशी बोलणी झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतला. तेव्हापासून हा विषय कधी वर येतो, कधी मागे पडतो, पण गेलेला नाही.

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या कमिटीत तो निघाला, तेव्हा खजिनदारकाकांनी सरळ विचारलं, "दुसरी कंपनी आली आणि स्वस्त देत असेल, तर बदलायचं ना?" खोलीत बसलेल्या बहुतेकांनी मान हलवली. मी म्हटलं, काका, मला थोडा वेळ द्या, मला यावर काही बोलायचं आहे. तिथे पाच मिनिटांत मांडता आलं नसतं ते इथे मांडते आहे.

माझा मावसभाऊ गोरेगावला राहतो. त्याने एकदा कंपनी बदलली, काही वर्षांनी परत पहिल्या कंपनीकडे गेला. मी त्याला विचारलं, "दादा, काय बघून ठरवलंस?" तो म्हणाला, "दर बघितला. वीज ती वीज, त्यात दुसरं काय बघायचं?" त्याचं बोलणं मला चुकीचं वाटत नाही. महिन्याचा खर्च जुळवणाऱ्या माणसाने दर बघायलाच हवा. पण मुंबईच्या उपनगरांत ही निवड कशी उघडली आणि पुढे काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं.

जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येईल असा निकाल दिला. तोवर पश्चिम आणि पूर्व उपनगरांतल्या घरांपर्यंतच्या तारा बहुतांशी रिलायन्सच्या (आता अदानींच्या) होत्या. मग चेंजओव्हर नावाची सोय झाली: तार जुन्या कंपनीची, वीज नव्या कंपनीची. ग्राहक जाऊ लागले. कोण गेले? ज्यांचं बिल मोठं, त्यांना फरक मोठा दिसत होता आणि नव्या कंपनीलाही तेच हवे होते. शेवटी २०१२ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला यात पडावं लागलं. मोठ्या वापराचे ग्राहक वेचून घेतले जात आहेत या तक्रारीवर आयोगाने आदेश दिला की चेंजओव्हर महिना ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घरांपुरता ठेवावा. हा आदेश पुढे अपिलात गेला. पण मूळ गोष्ट त्यातून उघडी पडली ती पडलीच. स्पर्धा आली की ती आधी श्रीमंत मीटरकडे जाते. यात कुणा एका कंपनीचा दुष्टपणा नाही. दरांची रचनाच अशी आहे की मोठ्या ग्राहकावर पैसा सुटतो आणि छोट्या ग्राहकावर सुटत नाही.

ही रचना समजून घ्यायची तर बिलाची मागची बाजू वाचावी लागते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. यातला वीज आकार टप्प्यांनी चढतो. पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या. तिसऱ्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास तिप्पट असतो. वीज तयार करून घरापर्यंत आणायला जो सरासरी खर्च येतो, त्यापेक्षा कमी पैसे काही ग्राहक भरतात. ती खोट कारखाने, दुकानं, कार्यालयं आणि आमच्यासारखी एसी लावणारी घरं भरून काढतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. वर्तमानपत्रांतल्या अर्थविषयक लेखांत हा शब्द नेहमी एखाद्या आजाराचं नाव असल्यासारखा येतो.

मला तो आजार वाटत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कळव्याच्या डोंगरउतारावर राहतात. घरात दोन पंखे, एक छोटा फ्रीज, टीव्ही, आणि मुलाचा मोबाइल. "ताई, शंभराच्या वर गेलं की मी पोराला ओरडते," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं बिल फ्रँचायझी कंपनीकडून येतं, पण दर महावितरणचाच, आयोगाने ठरवलेला. म्हणजे कंपनीचं नाव वेगळं असलं तरी मावशींचं बिल आणि माझं बिल एकाच हिशेबात आहे. त्यांचा फ्रीज चालतो, त्यात माझ्या बेडरूममधल्या एसीचा वाटा आहे. तो वाटा मी आनंदाने भरते.

उद्या आमच्या इमारतीतल्या घरांनी, शेजारच्या इमारतीतल्या घरांनी, घोडबंदर रोडवरच्या टॉवरांनी आणि पाम बीच रोडच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी थोडा स्वस्त दर बघून कंपनी बदलली, तर महावितरणकडे उरतील मावशी, उरतील शहापूर-मुरबाडचे पाडे, उरतील शेतीपंप. खर्च तेवढाच राहील आणि तो वाटून घ्यायला मोठी बिलं कमी असतील. मग एक तर पहिल्या टप्प्याचा दर चढेल, नाहीतर सरकारला जास्त अनुदान द्यावं लागेल, आणि अनुदान वेळेवर आलं नाही की देखभाल थांबेल. हे काल्पनिक भय म्हणून बाजूला सारता येत नाही. मुंबईत क्रॉस सबसिडी अधिभार लावायची वेळ आली ती याच कारणाने. कंपनी बदलणाऱ्यानेही आपला वाटा द्यावा, म्हणून.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते खरं आहे. भिवंडीत फ्रँचायझी आल्यावर गळती मोठ्या प्रमाणात कमी झाली, हे आकड्यांनी दिसलेलं आहे. चोरीची वीज कुणाच्या तरी बिलात जातेच, आणि ती थांबवणं हेही नैतिक काम आहे. फोन उचलला जाणं, तक्रार लवकर सुटणं, रीडिंग अंदाजाने न टाकता घेतलं जाणं, या गोष्टी ग्राहकाचा हक्क आहेत. सरकारी कंपनी आहे म्हणून त्यात सूट द्यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडात हजारो खांब आडवे केले, तेव्हा राज्याच्या इतर भागांतले वायरमन येऊन चिखलात उभे राहून खांब रोवत होते, हेही मी विसरू शकत नाही. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांमध्ये वीज परत नेण्यात नफा नव्हता. ते काम कुणीतरी करायचंच असतं, आणि ते करणारी यंत्रणा आमच्या बिलांवर उभी आहे.

आता नैतिकतेचा दुसरा अर्थ. अनेक जण तो कंपनीच्या चारित्र्यातून काढतात: ही कंपनी चांगली, ती वाईट, म्हणून ही घ्यायची. वीज कुठून येते हे बघायला बसलं की ही विभागणी टिकत नाही.

मुंबई भागातली जुनी, धूर न करणारी वीज म्हणजे टाटांची जलविद्युत. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. कोळसा न जाळता गिरण्या चालल्या, हे खरंच मोठं काम होतं. पण भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळातली गावं पाण्याखाली गेली, आणि त्या शेतकऱ्यांसाठी १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांचा लढा म्हणून आपल्याकडे जे काही पुढे उभं राहिलं, त्याची सुरुवात तिथे आहे. कोयना तर सरकारी. १९६० मेगावॅटचा प्रकल्प, महाराष्ट्राच्या उद्योगांचा कणा. कोयनेच्या खोऱ्यातून उठवलेल्या लोकांपैकी काहींना ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत जमिनी देऊन वसवलं. सह्याद्रीच्या पलीकडची माणसं भात आणि खाडीच्या मुलखात येऊन पुन्हा शून्यापासून लागली. आज पनवेल किंवा भिवंडी भागात कुणी आपलं मूळ गाव जावळीत किंवा पाटणला सांगतं, तेव्हा मी नेहमी विचारते, कोयनेचे का?

डहाणूबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण ते आमचंच होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तोवर डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. १९९१ मध्ये केंद्र सरकारने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. तरीही तिथल्या खाडीकाठी, चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांच्या शेजारी, ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभं राहिलं, मुंबईच्या उपनगरांसाठी. ठाणे जिल्ह्यात कोळसा जळायचा आणि दिवे लागायचे अंधेरी-बोरिवलीत. स्थानिक लोक न्यायालयात गेले. १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते त्या जागी होते. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, हा त्यांच्या प्राधिकरणाचा आदेश होता. कंपनीने विरोध केला, वर्षं गेली, पण ती यंत्रणा बसली. देशातल्या असंख्य केंद्रांना तिची सक्ती होण्याच्या कितीतरी आधी. दरम्यान केंद्राची मालकी बीएसईएसकडून रिलायन्सकडे गेली, मग २०१८ मध्ये उपनगरांचा वीज व्यवसाय अदानींकडे गेला. बोरिवलीतल्या ग्राहकाच्या बिलावर तीन नावं येऊन गेली. घोलवडच्या चिकूवाल्याला या तिन्ही नावांपेक्षा त्या प्राधिकरणाचा जास्त उपयोग झाला.

आणि सरकारी महानिर्मितीचं काय? चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं. तिथली हवा श्वासात घेणारे लोक आम्हाला वीज देतात असं म्हटलं तरी चालेल. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत गेलं. तेव्हा कंपनी सरकारी आहे म्हणून ती पवित्र, असं मी मानत नाही. तिला जाब विचारता येतो, विधानसभेत, आयोगापुढे, न्यायालयात, एवढं मानते. खासगी कंपनीलाही आयोगापुढे यावंच लागतं. म्हणून मला कंपनी निवडण्याइतकंच आयोगासारखी संस्था ताठ ठेवणं महत्त्वाचं वाटतं.

शिवाय तारेत येणारी वीज नाव सांगत नाही. महाराष्ट्राचं राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. तिथे बसलेली माणसं क्षणाक्षणाला राज्याची मागणी आणि पुरवठा जुळवतात: स्वस्त केंद्र आधी, महाग नंतर, सौर आणि पवन शक्यतो थांबवायची नाही. कुठल्या केंद्रातली वीज कुणाच्या पंख्याला लागली, हे कुणीही सांगू शकत नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प झाली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हा टाटांचा ग्राहक, अदानींचा ग्राहक, बेस्टचा ग्राहक आणि आमच्यासारखे, सगळे एकाच अंधारात होतो.

मग आपल्या हातात काय उरतं? पैसा कुठे जातो, हे थोडंफार उरतं.

मार्च २०२१ मध्ये आयोगाने हरित दर मंजूर केला. कुठलाही ग्राहक, घरगुतीसुद्धा, युनिटमागे थोडे जास्त पैसे (त्या वेळी ६६ पैसे) देऊन आपल्या सगळ्या वापराइतकी वीज सौर, पवन अशा स्रोतांतून घेऊ शकतो, आणि कंपनी तसं प्रमाणपत्र देते. अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराला त्या दराने महिन्याला १६५ रुपये. कंपनी न बदलता. ठाण्यात ही सोय आहे, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना ती माहीत होती. बरेच जण तिची गल्लत महावितरणच्या 'गो ग्रीन'शी करतात. ती योजना कागदी बिल बंद करून ईमेलवर बिल घेण्याची, त्याबद्दल सूट मिळते. चांगली आहे, पण तिने कोळसा कमी जळत नाही. हरित दर बिलावर ठळक छापला जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते. ज्याला निवड करायची इच्छा आहे त्याला ती निवड कुठे आहे हेच कळू नये, हे बरोबर नाही.

लोक अशा गोष्टीसाठी पैसे देणार नाहीत असं मला कुणी सांगू नये. २०१५ मध्ये गॅसचं अनुदान सोडण्याचं आवाहन झालं तेव्हा वर्षभरात कोटीभर घरांनी ते सोडलं. आमच्या मजल्यावरच्या पेन्शनवर जगणाऱ्या आजींनीही सोडलं, कारण त्यांना सांगितलं गेलं होतं की चुलीपुढे खोकणाऱ्या बाईला शेगडी मिळेल. घेणारी बाई डोळ्यांपुढे आली की माणूस देतो.

माझ्या डोळ्यांपुढे भाऊजी येतात. माझं सासर जुन्नर तालुक्यातलं. कांदा, ऊस, थोडं तरकारी. तिथे शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज वर्षानुवर्षं आळीपाळीने आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की भाऊजी बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातात. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, वितात, पिल्लं वाढवतात; हे तिथल्या लहान पोरालाही माहीत आहे. जाऊबाई तोवर झोपत नाहीत. एकदा मी म्हटलं, भाऊजी, आता पंपाची वीज फुकट झाली ना? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत झाली आहे. ते म्हणाले, "वहिनी, फुकट नको, दिवसा द्या. पैसे घ्या पाहिजे तर."

हे वाक्य मी कमिटीत सांगणार आहे. रात्री दहा-अकरा वाजता ठाणे, नवी मुंबई, मुंबईत एसी लागतात, तेव्हा राज्यात मागणी असते आणि सूर्य नसतो. दुपारी बारा-एकला सौर वीज भरपूर असते. शेतीच्या फीडरजवळच सौर प्रकल्प उभारून शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर चालू आहे. मला ही योजना राज्यातल्या अलीकडच्या सगळ्या वीज निर्णयांमध्ये सर्वांत न्याय्य वाटते, कारण तिच्यात कोळसा, अनुदान आणि भाऊजींची झोप, तिन्हींचा विचार एकदम होतो. ती राबवायची जबाबदारी महावितरणवर आहे. आमच्यासारखे ग्राहक निघून गेले तर ती कुणाच्या बळावर राबवणार?

आम्ही आमच्या बाजूने काय करू शकतो, त्यातली एक गोष्ट साधी आहे. धुण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री, गाडीचं चार्जिंग, जे जे दुपारी करता येईल ते दुपारी. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही ठेवली आहे. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत, त्यांची उत्तरं मिळायला हवीत. पण दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, हे तत्त्व मला पटतं.

दुसरी गोष्ट गच्चीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये मिळतात, पण ठाण्यात स्वतंत्र घरं किती? आमच्यासाठी महत्त्वाचं कलम वेगळं आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये. वीस किलोवॅट बसवले तर ३ लाख ६० हजार अनुदान, आणि एका किलोवॅटला रोज चार युनिटं धरली तर महिन्याला २४०० युनिटं. जागा लागते साधारण दोन हजार चौरस फूट.

ठाण्यातल्या गच्चीवर दोन हजार चौरस फूट शोधणं सोपं नाही. पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, आणि गळती थांबवायला घातलेली पत्र्याची शेड. आमच्याकडे शेड आहे. तिच्यावरच पॅनल बसवायचे तर तिचे खांब पुन्हा तपासावे लागतील, पावसाळ्यातला वारा धरून. त्यातून पश्चिमेची चार मजली इमारत पुनर्विकासात गेली आहे. तिथे पंचवीस मजले उभे राहिले की दुपारनंतरचं ऊन आमच्या गच्चीवरून जाईल. घोडबंदरच्या टॉवरांची अडचण उलटी: ऊन भरपूर, पण दोनशे घरांच्या डोक्यावर गच्ची एवढीशी. नवीन बांधकामाला परवानगी देताना शेजारच्याच्या उन्हाचा विचार कुठेच होत नाही, आणि तो व्हायला हवा असं मी आता ठामपणे म्हणते.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. सौर लावून आम्ही आमची महागडी युनिटं कमी केली, तर क्रॉस सबसिडीतला आमचा वाटाही कमी झाला. कंपनी बदलणाऱ्याला जे सांगते ते मलाही लागू नाही का? काही अंशी लागू आहे. दिवसा वीज जाळ्यात सोडायची आणि रात्री त्याच जाळ्यातून घ्यायची, म्हणजे तारा, रोहित्रं, वायरमन हे सगळं वापरायचंच. म्हणून सौर बसवणाऱ्यांनी स्थिर आकार भरायला कुरकुर करू नये असं माझं मत आहे. पण सौर बसवल्याने कोळसा खरोखर कमी जळतो आणि कंपनी बदलल्याने फक्त बिलावरचं नाव बदलतं, हा फरक मला पुरेसा मोठा वाटतो.

तर खजिनदारकाका, माझं उत्तर असं: दुसरी कंपनी आली तरी मी माझ्या घरापुरती महावितरणकडेच राहणार, हरित दर घेऊन. तुम्ही स्वस्त दर बघून गेलात तर तुमच्याबद्दल माझं मन कलुषित होणार नाही. दोघांच्या पेन्शनमध्ये औषधांचा खर्च किती जातो हे मला माहीत आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरबद्दल मात्र एवढीच विनंती आहे की कंपनीचा विषय घेण्याआधी गच्चीचा विषय घ्यावा. शेडच्या खांबांची तपासणी आधी, मग सौरवाल्यांची तीन दरपत्रकं, मग सर्वसाधारण सभा.

आणि परवान्याची सुनावणी लागेल तेव्हा आयोग जनतेकडून सूचना-हरकती मागवतो. मी पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात म्हटलं आहे की ठाणे-नवी मुंबईत समांतर परवाना द्यायचाच असेल तर नव्या कंपनीने पहिल्या वर्षापासून शंभर युनिटांखालच्या घरांचा आपल्या वाट्याचा हिस्सा घेतलाच पाहिजे, कळव्याच्या डोंगरउतारासकट. तिच्याकडे जाणाऱ्या मोठ्या ग्राहकांवरचा क्रॉस सबसिडी अधिभार उठवू नये. आणि दोन्ही कंपन्यांनी हरित दराची माहिती दर महिन्याच्या बिलावर, पहिल्या पानावर, मराठीत छापावी. सोसायटीतल्या ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवते.